उरलेला अर्धा

तलावात जाळं टाकायच्या जागा सात.
तुडुमाजवळची एक, जिथं मे महिन्यातही छातीभर पाणी
आणि वाडिस माणसाच्या मांडीएवढा.
बाकीच्या सहांना नावं आहेत : सलंग, बेशरमाचं बेट, बुडालेला मोह...
वहीत मी नुसते आकडे टाकतो.

अर्ज अठ्ठावीस टोळ्यांचे.
नियम माझ्याच अक्षरात भिंतीला, खळ अजून ओली :
ज्या साली चिठ्ठी निघाली नाही त्या सालाचा एक गुण.
जितके गुण तितक्या चिठ्ठ्या, वर एक सगळ्यांना.
टोळीचे गुण म्हणजे सगळ्यांची बेरीज भागिले डोकी.
अपूर्णांक सोडून द्यावा.

हे शेवटचं वाक्य लिहिताना
मी चहा पीत होतो.

आधी टोळीत ज्याचे गुण जास्त, तेच टोळीचे असत.
तेव्हा दिघोऱ्यांच्या पोरांनी एका साली खाटेवरचा काका अर्जात बसवला,
दुसऱ्या साली मावसा, तिसऱ्या साली आंधळा मामा.
म्हातारे पाण्यात उतरले नाहीत,
अंगठे तेवढे उतरले.
सभेत बोंब झाली. सरासरी आली.
सगळ्यांनी हात वर केले,
लटारू नान्हेनंही.

लटारूची नऊ वर्षं चिठ्ठी नाही.
डोंग्याला माणसं दोन लागतात,
एक वल्हवायला, एक जाळं सोडायला.
त्याचा जोडीदार फागू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला,
त्याचे सहा गुण मी लाल शाईनं खोडले.
आता नातू आहे, हितेश, अठरा पुरे, गुण शून्य.

नऊ अन् शून्य नऊ. भागिले दोन, साडेचार.
मी चार लिहिले.

"अर्धा कोठी गेला जी?"

नियमात बसत नाही, म्हटलं.

"मी त बसलो होतो ना पारीवर.
दुसऱ्यायचे जारे पाहात पूरा साल बसलो.
अर्धा साल नाही बसलो."

लोक हसले. मीही हसलो बहुतेक.

डबा तेलाचा, चिठ्ठ्या मी दुमडलेल्या,
हात अंगणवाडीतल्या पोरीचा, नाकातलं पाणी पुसून घातलेला.
तुडुम निघालं बिरजू वलथरेच्या टोळीला.
चार पोट्टे, प्रत्येकी एक गुण, डब्यात चिठ्ठ्या दोनच.
लटारूच्या पाच होत्या.
कोणाला काही म्हणता येत नाही.
पोरीलाही नाही, ती तर बिस्कीट मागत होती.

साडेचार धरले असते तरी अर्धी चिठ्ठी
कशी फाडली असती, कोणत्या बाजूनं?
हे मी दिवसभर स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी हितेश आला, चप्पल बाहेर काढून.
एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर हिशेब :
पुढच्या साली आजा दहा, मी एक. अकरा.
मंग अकरा अन् दोन, तेरा.
मंग बारा अन् तीन.
"सचिवसाहेब, आमचा नंबर नाही लागला तोवरी
हे कई भागत नाही. दर साली अर्धा रायते."

मी म्हटलं, तिसरा घे टोळीत.
"तिघायनं डोंगा बुडते."
मग जोडी बदल.
तो माझ्याकडे पाहत राहिला,
जसं एखाद्यानं त्याला आजा बदल म्हटलं.
म्हटलंच होतं मी.

तो गेल्यावर वही उघडली.
पानांना माशांचा वास, कितीही उन्हात ठेवा.
लटारू नान्हे : दहा.
हितेश नान्हे : एक.
नियमाप्रमाणे.
आणि समासात, पेन्सिलीनं, खोडता येईल असा, अर्धा.

मार्चमध्ये ऑडिटवाला येईल भंडाऱ्याहून,
बोट ठेवून विचारेल, हे काय?
रबर टेबलावरच आहे.
काय सांगायचं ते
अजून ठरलेलं नाही.