अंगठा

अ‍ॅलनटाउनच्या जत्रेच्या मैदानात, जिथे ऑगस्टअखेर
भोपळे आणि डुकरं तोलतात,
त्या पत्र्याच्या शेडमध्ये मार्चमधला कॉमिक्सचा बाजार.
माझं टेबल त्रेचाळीस, नॉर्बर्ट हलुस्का चव्वेचाळीस.
मी रंग भरते, पगारी, स्क्रीनवर.
त्याने एकोणीस वर्षं 'नाइट फोरमन' काढला,
तोंडाला काजळी फासून पोलादाच्या कारखान्यात
रात्रपाळी राखणारा नायक,
ज्याला उडता येत नसे,
जिना चढतानाही धाप लागे.

सकाळच्या परिसंवादाचा विषय होता:
हलुस्का आज रेलेव्हंट आहे का?
हलुस्काला बोलावणं नव्हतं.
मागच्या रांगेत बसून तो ऐकून आला,
कोटाच्या खिशात एक डोनट घेऊन.
"काय ठरलं?"
"पुढच्या वर्षी पुन्हा चर्चा करू म्हणाले."

मी उगाच शब्द शोधत बसले.
कालसुसंगत म्हणावं, तर पंचांग उघडल्यासारखं वाटतं.
प्रस्तुत म्हणावं, तर कचेरीतला कागद:
प्रस्तुत अर्जदार, वय वर्षं ब्याऐंशी,
राहणार बेथलेहेम, उजव्या हाताला कंप,
ब्रश कागदाला टेकला की तेवढ्यापुरता थांबतो.

त्याच्या शाईच्या बाटलीवर माझ्या देशाचं नाव.
"कधी गेलो नाही," तो म्हणतो,
"पण नखांत साठ वर्षं घेऊन फिरतोय."
हे वाक्य त्याने बऱ्याच जणींना ऐकवलं असणार.
ही शाई मुळात चिन्यांची, हे मी सांगत नाही.

बेचाळीसला रांग. मोबाइल उंच धरलेली पोरं.
चव्वेचाळीसला एकाने स्वच्छतागृह विचारलं,
एकाने रिकामी खुर्ची उचलून नेली.

तीनच्या सुमारास एक बाई आली,
गोदामाचं जाकीट, छातीवर नाव: रोझॅन.
बाही वर सारली.
कोपराखाली गोंदलेली एक मूठ,
मुठीत जेवणाचा डबा.
"हे कुठल्या अंकातलं, कुणाला माहीत आहे का?
बाबांच्या हातावर होतं.
ते गेले, तेव्हा मी तसंच्या तसं उतरवून घेतलं."

नॉर्बर्टने चष्मा कपाळावर चढवला.
अंक एकतीस, पान नऊ.
रविवारची रात्र, सकाळी छापखान्याचा माणूस दारात,
आणि अंगठा काही केल्या बसेना.
त्याने तो आखूड सोडला, वर सावली ओतली,
आणि तेव्हापासून कुणीतरी पकडेल
म्हणून वाट बघत होता.

"अंगठा चुकलाय," तो म्हणाला. "माझ्याकडून. माफ करा."

ती हाताकडे बघत राहिली.
"चुकलाय?
अहो, बाबांनी तेवढ्यासाठीच तर निवडलं.
त्यांचा असाच होता. रोलिंग मिलने पेरापासून नेला.
म्हणायचे, काढणाऱ्याने आपल्याकडे नीट बघितलंय."

शेडवर वारा होता. पत्रा एका कोपऱ्यात सुटा असावा,
मिनिटभर तेवढंच ऐकू आलं.
"हो," नॉर्बर्ट म्हणाला, "बघितलं होतं."
मघाचं वाक्य त्याने गिळलं
आणि तिने त्याला गिळू दिलं.
सही मागितली नाही तिने, प्रिंटही घेतली नाही.
फक्त "बाबांना सांगायला हवं होतं" असं म्हणाली
आणि बाही खाली ओढून पार्किंगच्या दिशेने गेली.

पाच वाजता हिशेब: दोन प्रिंट, एक कीचेन,
टेबलाचं भाडं वजा जाता
घरी जायचं पेट्रोल.
मी माझी चादर घडी घालत होते.
तो पार्किंगच्या पावतीमागे काहीतरी काढत बसला होता,
ब्रश टेकलेला, हात स्थिर.
अंगठा. नखासकट, दोन्ही पेरांसकट,
लांबीला अगदी बरोबर.

वाळेपर्यंत फुंकर घालत राहिला.
खिशात ठेवायला गेला, तर तिथे डोनटची साखर.
मग पावती माझ्यासमोर धरून विचारलं,
"हा आता कुठे लावायचा?"