बोटसांधा

ब्लू रॉक्सच्या धक्क्यामागे, पूर्वी जिथे कॉड खारवत,
त्या शेडमध्ये मी पेट्या करते.
भिंतींतलं मीठ अजून गेलेलं नाही;
धुकं आत आलं की करवतीचं पातं
दुपारपर्यंत तांबूस होतं.

पेटीचा कोपरा म्हणजे
दोन फळ्यांनी एकमेकींच्या बोटांत बोटं घालणं.
मध्ये थोडा सरस, वरून रात्रभर शिकंजा.
खिळा नाही. स्क्रू नाही.

वीस वर्षं मी सगळी बोटं सारखी कापली.
पाव इंच बोट, पाव इंच खाच,
बोट, खाच, बोट, खाच,
फळी खुंटीवर बसवायची, ढकलायची, उचलायची.
हेझल झ्विकर म्हणायची,
'आर्डिथ, तुझ्या पेट्या कवळी लावून हसतात.'

खुंटी केसभर सरकली
तर पहिल्या खाचेत कळत नाही, तिसरीतही नाही.
बाराव्या खाचेशी पोचेतो
केसाची दोरी झालेली असते.
चूक बेरीज करत चालते,
क्रिबेज खेळताना मर्लिन करतो तशी,
ओठ न हलवता.

एका फेब्रुवारीत अशीच फट राहिली.
मेपल देखणं होतं, टाकवेना.
अक्रोडाची कपची तासून फटीत ठोकली. काळीभोर.
मुद्दाम केलंय असं वाटावं म्हणून
समोरच्या कोपऱ्यातही बसवली,
तिथे फट नव्हती, ती पाडून घेऊन.

गुरुवारच्या बाजारात तीच पेटी आधी गेली.

मग हात सुटला.
मधलं बोट रुंद, कडेची बारीक होत गेलेली,
किंवा उलट.
कधी आधी खाचांत चेरी भरायची, सुकू द्यायची,
आणि त्याच चेरीतून पुन्हा करवत घालायची,
थोडीशी मागे ठेवून:
प्रत्येक बोटाभोवती एक लालसर रेघ,
बीट चिरल्यावर नखांशी राहते तशी.
कधी टोकं तासायचीच नाहीत,
बाहेर आलेली तशीच ठेवून
कानशीने उशीसारखी गोल करायची.

हॅलिफॅक्सहून आलेली एक बाई चारी कोपरे फिरवून बघते, विचारते,
'हे सारखे का नाहीत?'
हाताची पाचही बोटं सारखी नसतात,
हे कळायला मला म्हण लागली नाही.
मर्लिन क्निकलशी लग्न केलं, तेवढं पुरलं.
त्याच्या उजव्या हाताला साडेचार आहेत.
सत्त्याऐंशी साल. बँडसॉ. डोरीची नाळ कापताना.
डोरी वेळेत पाण्यात गेली,
हे तो अजूनही पहिल्यांदा सांगतो.

गेल्या हिवाळ्यात म्हणाला,
'क्रिबेजच्या पाटासाठी एक पेटी कर.'
एक्केचाळीस वर्षांत मागितलेली पहिली.
मी खाकी कागद पसरला. म्हटलं, हात ठेव.
त्याने डावा ठेवला.
मी पेन्सिल हातात धरून उभी राहिले.
किटली शिट्टी मारून मारून थकली.
मग डावा उचलून त्याने उजवा ठेवला,
खिडकीबाहेर बघत,
जणू तो हात शेजाऱ्याचा होता.

करंगळीकडून निघालेली पेन्सिल
दुसऱ्याच बोटाला अर्ध्यावर वळली.

त्या मापाने कापलं. बर्च.
चार बोटं, चार रुंद्या,
त्यातलं एक मध्येच थांबलेलं;
त्याच्यापुढे एक रिकामी चौकट उरली.
अक्रोडाचा तुकडा तयार होता,
मोजलेला, तासलेला, वरच्या बाजूला खूण केलेला.
सरसाचा डबाही उघडला होता.

झाकण परत लावलं.

आता एखादं पान टाकू की ठेवू असं झालं
की तो न बघता पेटी जवळ ओढतो
आणि अर्धं बोट त्या चौकटीत टेकवतो.
बसतं.
धुक्याच्या दिवशी जरा घट्ट.