कर्जाचा उद्देश

साखळीच्या शाखेत, दुपारी अडीच वाजता,
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
शिक्क्याचं पॅड दाबून मी बसले होते,
तेव्हा सोयरू गावस आला
आणि बिनछपराच्या गाडीसाठी कर्ज मागू लागला.

निळी. जर्मन. तेरा वर्षांची. पर्वरीच्या डीलरकडे उभी.
माणसं खरी दोनच मावतात,
मागची सीट भाजीच्या पिशवीपुरती.
बटण दाबलं की छप्पर घडी होऊन
डिकीत जातं, शहाण्या पोरासारखं.
"म्हयनोभर जाय, बाय. मग त्यालाच परत विकीन.
तुझा एकच हप्ता भरीन."

साठ हप्त्यांचं कर्ज, आणि एकच हप्ता.
मी कॅल्क्युलेटर ओढला.
व्याज तेरा हजार चारशे,
प्रक्रिया शुल्क चौदा हजार,
मुदतीआधी खातं मिटवल्याचा दंड बेचाळीस,
परत घेताना डीलर कापणार ते नव्वद.
एक लाख एकोणसाठ हजार चारशे, सोयरूबाब.
दिवसाला पाच हजार तीनशे,
पेट्रोल वेगळं.
भाड्याने घ्या ना. कळंगुटला उघड्या जीपा
ओळीने उभ्या असतात, काळी पाटी, पिवळे आकडे.

तो म्हणाला, काळ्या पाटीची गाडी चहाला थांबली
की दुकानवाला विचारतो, खंयचे तुम्ही?
"म्हाका हांगा कोणें तशें विचारचें न्हय."

याची फाइल मला ठाऊक आहे. जाड आहे.
टिपर, चौऱ्याऐंशी हप्ते.
एकेचाळिसाव्याला खाण बंद पडली,
ट्रक फणसाखाली उभा राहिला,
चाकांमधून अळू उगवलं.
तरी हा दर महिन्याला यायचा,
कधी काजूचे पैसे घेऊन, कधी बायकोच्या पाटल्यांचे,
एकदा नुसताच,
या महिन्यात जमणार नाही एवढं सांगायला.
मी तेव्हा नवी होते.
नोटिशीच्या पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात होता.

"गोवा एवढासा," मी म्हटलं,
"सकाळी पत्रादेवीहून निघालात
तर जेवायच्या आत पोळे नाका.
महिनाभर फिरणार कुठे?"

"त्याच रस्त्यांनी.
बावीस वर्षं खाण ते जेटी, जेटी ते खाण.
पुढच्या ट्रकची ताडपत्री, एवढंच बघितलं.
पहाटे तीनच्या रांगेत सत्यवती शेजारी बसायची,
माझा डोळा लागू नये म्हणून.
एकदा तिने विचारलं, ही रस्त्यावर वाकलेली झाडं कसली?
वर पत्रा. मान बाहेर काढली तर धूळ.
मला सांगता आलं नाही."

अर्जात एक रकाना असतो: कर्जाचा उद्देश.
व्यवसाय, शिक्षण, विवाह, घरदुरुस्ती, इतर.
'इतर'पुढे बोटभर जागा.
मी पेन टेकवून बराच वेळ थांबले,
मग लिहिलं, वाहन खरेदी.
साहेबांनी न वाचता सही केली.

त्या संध्याकाळी स्कूटरवरून डिचोलीला जाताना
मी एकदा वर बघितलं.
हेल्मेटची कड दिसली.
माझ्या फ्लॅटचे अजून एकशे त्रेसष्ट हप्ते आहेत.

महिना भरला तसा तो आला.
मान भाजलेली, नाकाची सालं निघालेली.
बाराव्या दिवशी बटण बिघडलं म्हणाला,
छप्पर आत गेलं ते बाहेर आलंच नाही.
रात्री टिपरची जुनी ताडपत्री घालायचो.
डीलर आणखी अठरा हजार कापतोय.

"मग?"
"मग कितें? पुरो."

नोटा मोजून झाल्या. ना-देय दाखला छापून आला.
नाव बघा नीट, मी म्हटलं,
आणि झाडं? कसली निघाली?

"एक किंदळ," दाखल्यावरून बोट फिरवत तो म्हणाला,
"दुसरं तिलाही ठाऊक नाही. पान ठेवलंय."

खाली गल्लीत हॉर्न वाजला, एकदाच, तुटक.
दाखल्याची घडी अर्धवटच घालून
तो दोन-दोन पायऱ्या उतरू लागला.