बाकी

साल्फर्डच्या स्टुडिओत तिसऱ्या रांगेत होते मी,
मांडीवर कोट, कोटाखाली घट्ट धरलेली पर्स.
आम्हाला आधीच बजावलेलं:
टाळ्या खूण केल्यावरच,
खोकला आला तर रुमालात,
आणि उत्तर आलं तर गिळायचं.

माझा क्लिफर्ड डावीकडे.
एकतीस वर्षं कॅसलफर्डच्या बस डेपोत वेळापत्रकं मांडणारा.
निळ्या टायची गाठ मीच मारलेली, जरा तिरकी.
समोर रेक्समची सेरिस, वय एकोणीस,
रुपेरी नखं, दातांनी कुरतडलेली.
आकडे उलटले की ओठांवरून जीभ फिरवायची,
दुधाची वाटी दिसलेल्या मांजरीसारखी.

हिवाळाभर आम्ही स्वयंपाकघरात सराव केला.
बिस्किटांच्या खोक्यांतून कापलेली अक्षरं मी पालथी मांडायची,
अंडी उकडायचा टायमर पिळून ठेवायची,
आणि तो म्हणायचा, अजून एक स्वर दे, एडना,
चहात अजून अर्धा चमचा साखर मागावी तसं.

शेवटून दुसरी फेरी. तो सात गुणांनी पुढे.
फळ्यावर शंभर, पंचवीस, नऊ, सात, चार, तीन.
गाठायचे सहाशे त्र्याऐंशी.

क्लिफर्ड म्हणाला, शंभर साती सातशे,
पंचविसातून नऊ गेले, सोळा,
सातशेतून सोळा गेले, सहाशे चौऱ्याऐंशी.
एकाने हुकलं.
एक मिनिट उशीर म्हणजे बस वेळेवरच,
असं तो नेहमी म्हणतो.
इथे तसं नव्हतं.
पोरगी म्हणाली, चारातून तीन गेले, राहिला एक,
तोही वजा करा.
बाहीवरचा केस झटकावा इतक्या सहज.
दहा गुण. आता ती तीनने पुढे.

मग शेवटचं कोडं.
नऊ अक्षरं, तीस सेकंद, आधी बटण दाबेल त्याचं.

डी आर ई ए एम ई आर आय एन.

शेजारची बाई पुटपुटली, ड्रीमर,
आणि तिथेच अडकली.
मला चौथ्या सेकंदाला दिसलं.
बावीस वर्षं वेकफील्डच्या गोदामात
न खपलेल्या पुस्तकांवर मी तोच शिक्का मारला,
रिमेंडर, रिमेंडर, दिवसाला चारशे वेळा.
झोपेतसुद्धा तुझं मनगट हलतं, क्लिफर्ड सांगायचा.
बाकी. उरलेलं. अर्ध्या किमतीत न्या.

त्याने वर पाहिलं. थेट माझ्याकडे.
आणि माझे ओठ, मला न विचारता,
मिटले आणि उघडले.
आवाज नाही. नुसता आकार.

त्याने मान वळवली घड्याळाकडे
आणि तिकडेच ठेवली,
दोन्ही हात टेबलावर, बटणापासून वीतभर लांब.
अठ्ठाविसाव्या सेकंदाला सेरिसने दाबलं.
तिची आई रडली. खूण झाली. मी टाळ्या वाजवल्या.

परतताना डोंगरावर धुकं,
मागच्या सीटवर हरणाऱ्याला मिळतो तो मग.
हडर्सफील्डच्या फाट्यापर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला, 'म' म्हणताना तुझे ओठ मिटतात ना,
तेवढं दिसलं मला.
मग दाबलं का नाहीस, मी विचारलं.
त्याने गियर बदलला.
म्हणाला, सुचलं असतं मलाही. बहुतेक.
पण ते आता कसं कळणार?

मंगळवारी टीव्हीवर दाखवणार आहेत.
शेजारचे ओल्ड्रॉइड येतील, त्यांची थोरली येईल,
मी सँडविचं करीन, काकडीची.
मला भीती वाटत होती, पण त्यानेच सांगितलं,
त्या तीस सेकंदांत कॅमेरा घड्याळावर असतो,
प्रेक्षकांवर कधीच येत नाही.

बाकी सगळं दिसेल.