मुलाचं लग्न ठरलंय

रिफ्की बे येतात, बूट दाराबाहेर काढतात
स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे.
हातात बरणी. बिहीच्या फळांचा मुरंबा, घरचा.
बरणी दिसली की समजायचं, भाडं वाढलं.
पहिल्या वर्षी मुठीएवढी होती.
यंदा दोन्ही हातांनी धरून आणलीय.

मी कपाटामागच्या ओलीचं सांगते.
मार्चात गुडघ्याशी होती, आता खांद्याला लागते,
पोर वाढावं तशी.
ते चष्मा पुसून बघतात. बराच वेळ बघतात.
"तुम्ही श्वास फार घेता, म्युझगान हानम.
चहा उकळता, कपडे आत वाळत घालता,
वर श्वास.
खिडकी उघडत जा."

खिडकी उघडत नाही. तेही सांगते.

आणि मग चहात साखर ढवळताना नेहमीचं:
"तोल्गाचं लग्न ठरलंय."

कायदा मलाही माहीत आहे.
मनाला येईल तसं भाडं वाढवता येत नाही,
पण पोटच्या पोराला राहायला घर हवं असेल
तर भाडेकरूनं बिऱ्हाड उचलायचं.
म्हणून या वर्षी सगळ्या कुर्तुलुशमध्ये
मुलगे लग्नाला उभे आहेत.
मिठाईवाल्याच्या घरमालकाचा, नर्सच्या घरमालकिणीचा.
एकाला मुलगाच नाही, त्यानं पुतण्या उभा केला.
खालचा कुलूपवाला गारबिस म्हणतो,
तुझ्या आधी इथं एक शिक्षिका राहायची,
तिच्या वेळीही तोल्गाचंच ठरलं होतं.
अकरा वर्षं झाली,
वऱ्हाड अजून वाटेत आहे.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून.
रिफ्की बेंच्या वडिलांनी घर बांधून पाहिलं.
रिफ्की बे लग्न नुसतं सांगून पाहतात.

मी उस्मानबेतल्या एका दुकानासाठी
नवऱ्या मुलींचे झगे अंगाला बसवून देते.
कुठे उसवायचं, कुठे चिमटा घ्यायचा,
चोवीस वर्षं हेच.
तर या वेळी मी गळ्यातली टेप काढली,
म्हटलं, अभिनंदन. सुनेची मापं सांगा.
झगा माझ्याकडून. फुकट.

ते गप्प.
चहाचा घोट घेतला, जीभ भाजली असणार.
"मध्यम," म्हणाले.
मध्यम म्हणजे? उंची किती? कंबर?
त्यांनी हात उचलला, हवेत धरला
आपल्या हनुवटीच्या जरा खाली.
मग दोन्ही तळव्यांनी कंबर दाखवली,
अंदाजानं नव्हे,
पीठ किती लागेल हे हाताला माहीत असतं, तशी.
"खांदे उतरते," म्हणाले. "डावा जरा जास्त."

सात वर्षं मी एका कपाटाचं भाडं भरतेय
जे उघडायची मला परवानगी नाही.
किल्ली त्यांच्याकडे असते.
फटीतून डांबरगोळ्यांचा वास येतो
आणि हिवाळ्यात, हीटर लागला की,
कुणा बाईच्या कोटाचा.

मी मापं लिहून घेतली. सवय.
डावा खांदा, दोन सेंटिमीटर खाली.
आणि माझा राग, इतका जपून इस्त्री करून ठेवलेला,
कुठे टांगावा कळेना.

तेवढ्यात त्यांनी आकडा सांगितला.
आधीच्या दुप्पट.
राग आपल्या खुंटीवर परत आला.

ते गेल्यावर बूट घातल्याचा आवाज ऐकला,
मग जिन्यात बराच वेळ काहीच नाही,
मग पावलं.

मी त्यांच्या बरण्या टाकत नाही.
एकीत मोतीबटणं, एकीत हूक,
एकीत नवऱ्या मुलींनी नको म्हटलेले मणी.
उठायची वेळ आली तर सगळ्या नेईन,
करारात त्यांचा उल्लेख नाही.

रात्री ओट्यापाशी उभ्यानंच नवी बरणी फोडली.
मुरंबा चांगला झालाय, खोटं का बोला.
चमच्यामागून चमचा खाल्ला
भिंतीकडे तोंड करून,
भरपूर श्वास घेत.