समास

आवळेबाईंचा नियम साधा:
भेट संपली की तासाभरात लिहायचं,
ती काय बोलली, मी काय बोललो, शब्दशः.
उजवीकडे चार बोटं समास सोडायचा.
समास बाईंचा.

गुरुवार दुपार. बायकांचा वॉर्ड, खाट अकरा.
बाळव्वा तळवार, हुक्केरीकडच्या.
साखरेने पाय गेलेला, गुडघ्याखाली.
मी लिहिलं:
मी: नमस्कार. मी पाळकीय सेवेचा विद्यार्थी.
त्या: ऊट आतेनप्पा?
मी: फार दुखतंय का?
शांतता, दोन मिनिटं.
त्या: ब्याड.
प्रार्थना केली. त्यांना बरं वाटलं.

सोमवारी आम्ही पाच जण गोल बसलो,
खिडकीबाहेर कॅम्पातली निलगिरी.
बाईंनी मला माझाच कागद मोठ्याने वाचायला लावला.
वाचला. बरा वाचला,
सेमिनरीत वाचनाचं बक्षीस आहे मला.

'दोन मिनिटं?'
मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.
आम्ही गप्प.
पंख्याची कडी. कुणाचं तरी पोट वाजलं.
बोनिफासने खोकला गिळला.
'किती झाली?'
दोन, मी म्हणालो.
चाळीस सेकंद झाले होते.

मग पेन्सिल 'ब्याड'वर आली आणि हलेना.
'काय नको?'
गोळी, मी म्हणालो. नर्स गोळी घेऊन आली होती.
'निपाणीचा ना तू? कानडी येतं?'
बाजारापुरतं.
पण ब्याड तर बाजारातच शिकतो माणूस,
आधी तेच शिकतो.

नर्स आलीच नव्हती.
मी डोळे मिटून हात त्यांच्या कपाळाकडे नेला होता,
त्यांनी मान वळवून
भिंतीला सांगावं तसं ब्याड म्हटलं होतं,
आणि मी 'हे दयाळू पित्या'पासून 'आमेन'पर्यंत
एक वाक्य न गाळता गेलो होतो.

हे चौघांसमोर, बाईंसमोर बोलायला
चाळीस सेकंदांहून पुष्कळ जास्त लागले.
बाईंनी घड्याळ पाहिलं नाही.
समासात बारीक अक्षरात लिहिलं:
ती तुला जेवलास का विचारते आहे.

मंगळवार. खुर्ची ओढली.
'ऊट आतेनप्पा?'
इल्लव्वा, मी म्हणालो. खरंच नव्हतो जेवलो.
उशाजवळ फडक्यात सुनेने आणलेली कडक भाकरी,
मोडताना कौल फुटल्यासारखी वाजली.
अर्धी मला. शेंगांची चटणी कागदावर,
आणि तो कागद त्यांनी ठेवला
चादरीवर, पाय संपतो त्याच्या पुढे,
जिथे कापड सपाट होतं,
जेवणाचं टेबल असल्यागत.
मी तिकडे बघितलं.
मी बघतोय हे त्यांनी बघितलं.
दोघंही चावत राहिलो. कडक भाकरीला वेळ लागतो.

रात्री वसतिगृहात कागद घेतला.
त्या: ऊट आतेनप्पा?
मी: इल्लव्वा.
पुढे काय लिहावं कळेना.
पान बहुतेक सगळं समासच झालं,
आणि मी जिभेने शोधत बसलो
दाढेत अडकलेला शेंगेचा कण.