बाक धरेपर्यंत

अजमानच्या सनैयात, टायरवाल्याच्या डोक्यावर
आमचं मॉडेलचं दुकान.
इथे आल्यावर सगळं दोनशेपट लहान होतं,
एक धूळ सोडून.

परकार म्हणतो, सरळ कुणीपण कापतो मेल्या,
वळण जमलं पायजे.
मिलिमीटर जाडीची पांढरी शीट,
तिच्या बोटभर पट्ट्या,
पाइपाला चिकटपट्टीने आवळायच्या,
वरून उकळतं पाणी, चहा गाळावा तसं.
घाई केली की पट्टी पापडासारखी लाटा धरते.
मग गार पाणी. मग शंभर मोजायचे.
सोडली की थोडी मागे सरते,
म्हणून हवी त्याहून जास्त वाकवायची.
किती जास्त, हे परकारलाही सांगता येत नाही,
तो नुसता अंगठा दाखवतो.

ऑगस्टात अकरा पुलांचं काम आलं.
कालव्यावरचे पादचारी पूल, व्यास एक्केचाळीस.
पाइप मिळतो बत्तीसचा, नाहीतर पन्नासचा.
मी व्हर्नियर घेऊन खोलीभर फिरलो:
टॉर्च, डिओ, शेव्हिंग फोमचा डबा,
झोपलेल्या दिलबहादुरचं मनगटसुद्धा.
शेवटी स्वयंपाकघरात लाटणं.
मध्यावर बरोबर एक्केचाळीस,
टोकांकडे निमुळतं, म्हणजे एका वेळी एकच पूल.
त्या रात्री पोळ्या नाहीत.
सात जण खुबूस खात
माझ्याकडे बघत बसले.

शुक्रवारी माल पोचवायला निघालो.
परकार वाटेत जुम्म्याला उतरला,
मी सावली शोधून लबान पीत बसलो,
खोका डॅशबोर्डवर.
तासाभराने झाकण उघडलं तर
अकराही पूल आडवे होऊ लागलेले,
कुणी हात पसरून आळस द्यावा तसे.
परकार आला. बघितलं. शिवी दिली नाही.
काचेवर हात ठेवला, चटकन काढला,
म्हणाला, आपण पाण्याने वाकवतो,
ही उन्हाने उलगडते. चल मागे.

रात्रभर परत लाटणं, परत किटली.
शनिवारी पूल आइसबॉक्समधून गेले,
मच्छीवाल्याकडून मागून आणलेल्या.
सेल्स ऑफिसातल्या लेबनीज बाईने
वाकून वास घेतला,
काही बोलली नाही, सही केली.
मी चिमट्याने पुलावर माणसं उभी केली.
तांदळाच्या कणीएवढी, नाक-डोळे नसलेली.
एकाचा पाय मोडला,
त्याला कठड्याला टेकवला.

उघडलेल्यातला एक पूल मी ठेवून घेतला.
खिडकीत असतो, पश्चिमेच्या.
रोज कामावरून आल्यावर
त्याच्या टोकाशी पेन्सिलीची खूण करतो.
सप्टेंबरभर खुणा सरकत गेल्या,
दोन केसांचं अंतर, कधी एका केसाचं.
ऑक्टोबरच्या नऊ तारखेपासून
नवी खूण जुन्या खुणेवरच पडते आहे.

अजून पूर्ण सपाट झालेला नाही.
त्याच्याखाली सध्या
खोलीची किल्ली ठेवतो.